किल्ली हरवलेली अक्षरे
रिद्धपूरच्या पोथ्यांपासून संगणकातील मजकुरापर्यंत

'वऱ्हाड' हा शब्द अमरावती-अकोल्याकडच्या मुलांना शिकवावा लागत नाही. आता हा शब्द येथे दोनदा दिला आहे तो पाहा : वऱ्हाड आणि वर्‍हाड. डोळ्यांना दोन्हींत काही फरक दिसणार नाही. पण हाच मजकूर संगणकावर असेल आणि अक्षरे तंतोतंत जुळवून पाहणाऱ्या एखाद्या कार्यक्रमाला आपण पहिला 'वऱ्हाड' शोधायला सांगितला, तर तो दुसऱ्यापाशी थांबणार नाही. त्याच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत.

ही केवळ गंमत नाही. समजा, एका विद्यार्थ्याचे आडनाव वऱ्हाडे आहे. शाळेच्या पटात ते एका प्रकारे टंकित झाले आणि शिष्यवृत्तीच्या यादीत दुसऱ्या प्रकारे. दोन्ही याद्या ताडून पाहणारा संगणक सांगेल, 'या नावाचा विद्यार्थी यादीत नाही.' गुरुजी दोन्ही कागद समोर ठेवतील, दोन्हींवर एकच नाव वाचतील आणि चूक कोठे आहे ते त्यांना कळणार नाही. चूक कागदावर नसतेच; ती अक्षराच्या मागे लपलेल्या संकेतात असते.

अक्षर आणि संकेत यांचे हे नाते समजून घ्यायचे, तर सातशे वर्षे मागे जावे लागेल. त्यासाठी आपल्याला फार दूर जाण्याची गरज नाही. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यापर्यंत गेले तरी पुरे.

रिद्धपूरच्या पोथ्या

मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे तीर्थस्थान आहे. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांचे वास्तव्य येथे होते. चक्रधरांच्या आठवणी त्यांच्या शिष्यांकडून गोळा करून म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' हा ग्रंथ सिद्ध केला, तोही याच परिसरात, तेराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात. मराठी गद्याचा इतिहास सांगताना आपण याच ग्रंथापासून सुरुवात करतो.

पुढे चौदाव्या शतकात पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहिण्याची प्रथा सुरू झाली. अशा अनेक लिपी होत्या. त्यांपैकी सकळ लिपी सर्वांत अधिक वापरली गेली. परंपरा तिचे कर्तृत्व रवळोबास यांच्याकडे देते. सुंदरी लिपीचेही नाव प्रसिद्ध आहे. या लिपींची कल्पना थोडक्यात अशी : भाषा मराठीच, व्याकरण मराठीच, फक्त प्रत्येक अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर किंवा चिन्ह लिहायचे. कोणत्या अक्षरासाठी कोणते चिन्ह, हा तक्ता म्हणजे लिपीची किल्ली. किल्ली ज्याच्यापाशी आहे त्याला पोथी सरळ वाचता येई. ज्याच्यापाशी नाही, त्याला तेच पान निरर्थक वाटे.

पंथाचे ग्रंथ पंथातच राहावेत, अनधिकारी माणसाच्या हाती पडू नयेत, हा हेतू त्यातून साधला. पंथाचे मठ पुढे पंजाबपर्यंत पसरले, तेथेही या मराठी पोथ्या गेल्या आणि जपल्या गेल्या. पण दुसऱ्या बाजूने पाहिले, तर पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला आपल्या भाषेतील सर्वांत जुने गद्य कित्येक शतके वाचायलाच मिळाले नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल अभ्यासकांपुढे ठेवली. त्यानंतर विदर्भातील य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांच्यासारख्या संशोधकांनी या वाङ्मयाचा अभ्यास आणि संपादन केले. डॉ. कोलते यांनी संपादित केलेले 'लीळाचरित्र' १९७८ साली प्रकाशित झाले.

यात आपल्या विषयाच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, कागदावरील चिन्हे म्हणजे मजकूर नव्हे. चिन्हे आणि त्यांची किल्ली मिळून मजकूर होतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. किल्ली माहीत नसलेल्या माणसाने त्या पोथ्या 'सुधारण्याचा' प्रयत्न केला नाही. पाने होती तशी राहिली. म्हणून किल्ली मिळताच मजकूर वाचता आला. मधल्या काळात कोणी न समजलेली चिन्हे खोडून तेथे फुल्या मारल्या असत्या, तर राजवाड्यांनाही काही करता आले नसते.

फळ्यावरचा एक प्रयोग

अक्षराच्या जागी अक्षर घालणे हे काम दिसते तितके सोपे नाही. वर्गात एक छोटा प्रयोग करून पाहावा. फळ्यावर 'मकर' हा शब्द लिहा आणि नियम सांगा : 'क'च्या जागी 'म' लिहायचा आणि 'म'च्या जागी 'क'. माणूस हे काम एकेक अक्षर पाहून करतो आणि उत्तर 'कमर' असे काढतो.

आता हेच काम संगणकाकडून दोन आज्ञांनी करवू. पहिली आज्ञा : सर्व 'क' बदलून 'म' करा. 'मकर'चे 'ममर' झाले. दुसरी आज्ञा : सर्व 'म' बदलून 'क' करा. 'ममर'चे 'ककर' झाले. उत्तर चुकले. एवढेच नव्हे, तर मागे जाण्याचा रस्ताही बंद झाला. 'ककर' या शब्दातील मुळातला 'क' कोणता आणि 'म'पासून झालेला कोणता, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

उपाय सोपा आहे. मध्ये एक तिसरे चिन्ह घ्यावे, समजा फुली. आधी 'क'ची फुली करावी, मग 'म'चा 'क' करावा, शेवटी फुलीचा 'म' करावा. उत्तर बरोबर 'कमर' येते. मात्र एक अट आहे : मूळ मजकुरात फुली कोठेही नसली पाहिजे. म्हणजे बदल करण्यापूर्वी मजकुरात काय काय आहे, हे तपासावेच लागते. पुढे येणारे बहुतेक सर्व घोटाळे हा नियम न पाळल्यामुळे होतात.

यंत्राची किल्ली

संगणकाला अक्षर कळत नाही, संख्या कळते. म्हणून प्रत्येक अक्षराला क्रमांक द्यावा लागतो. १९६३ साली अमेरिकेत 'आस्की' हा तक्ता ठरला. त्यात १२८ जागा होत्या. रोमन अक्षरे, आकडे, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यायच्या काही सूचना एवढे त्यात मावले. देवनागरीला त्यात जागा नव्हती.

भारतात यावर व्यवस्थित विचार झाला. सर्व भारतीय लिपींची वर्णमाला मूलतः एकच, हे ओळखून 'इस्की' हा तक्ता तयार झाला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्याला आयएस १३१९४ या क्रमांकाने मान्यता दिली. त्यात आस्कीचे १२८ क्रमांक तसेच ठेवून वरच्या १२८ जागांत भारतीय वर्ण बसवले होते. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिने जगातील सर्व लिपींना वेगवेगळे क्रमांक देण्याचे काम हाती घेतले. तिचा देवनागरी विभाग १९८८ च्या इस्कीच्या क्रमावरच आधारलेला आहे.

परंतु छापखान्यांना आणि टंकलेखन करून देणाऱ्या दुकानांना तेवढा धीर नव्हता. त्यांना मराठी पत्रिका, प्रश्नपत्रिका, साप्ताहिके ताबडतोब छापायची होती. त्यांच्यासाठी वेगळी युक्ती निघाली. संगणकाला रोमन अक्षरच सांगायचे, पण त्या अक्षराचे चित्र मात्र देवनागरीचे काढायचे. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी, आकृती अशा नावांचे अनेक टंक या मार्गाने चालले. प्रत्येकाची किल्ली वेगळी होती.

कृतिदेवाचे उदाहरण घेऊ. त्याची मांडणी रेमिंग्टन टंकयंत्रावर बेतलेली आहे. त्यात रोमन 'व्ही' दाबला की 'अ' दिसतो, 'डी' दाबला की 'क', 'ई' दाबली की 'म', 'जे' दाबला की 'र' आणि 'के' दाबला की काना. 'मराठी' हा शब्द दिसतो खरा, पण संगणकाच्या पोटात ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे असतात. तो टंक काढून टाकला की पडद्यावर हीच अक्षरे उघडी पडतात. रिद्धपूरच्या पोथ्यांनंतर सहाशे वर्षांनी मराठी पुन्हा एकदा सांकेतिक लिपीत लिहिली जाऊ लागली. या वेळी कोणापासून काही लपवायचे नव्हते, एवढाच फरक.

एका टिंबाने केलेला घोटाळा

असे जुने मजकूर आज युनिकोडमध्ये आणायचे असतात. वरवर पाहता काम सोपे वाटते : तक्ता घ्यावा आणि एकेका चिन्हाच्या जागी दुसरे घालावे. यात तीन अडचणी येतात.

पहिली अडचण क्रमाची. कृतिदेवात ओकाराची मात्रा 'के' आणि 'एस' अशा दोन खुणांनी होते. त्यांपैकी 'के' एकटा असला तर काना आणि 'एस' एकटा असला तर एकाराची मात्रा. एखाद्याने आधी सुटा काना आणि सुटी मात्रा बदलून घेतली, तर 'अकोला' या शब्दात ओकाराऐवजी काना आणि मात्रा अशी दोन चिन्हे राहतात. 'अकाेला' असा तो शब्द कित्येक टंकांत हुबेहूब 'अकोला' दिसतो. पण ओकाराचा युनिकोड क्रमांक २३७९, तर या शब्दात २३६६ आणि २३७५ असे दोन क्रमांक आहेत. शोधणाऱ्याला हे अकोला सापडत नाही. म्हणून नेहमी लांब जोडी आधी बदलावी आणि सुटे चिन्ह नंतर.

दुसरी अडचण जागेची. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण उच्चारली जाते नंतर. टंकयंत्राच्या रीतीत ती आधी टंकतात, युनिकोडमध्ये व्यंजनानंतर साठवतात. रफाराचे याच्या उलट आहे. 'दर्यापूर' लिहिताना कृतिदेवात 'द', 'य', काना आणि मग रफार असा क्रम असतो. युनिकोडमध्ये 'र' आणि हलन्त चिन्ह 'य'च्या आधी यावे लागते. म्हणजे येथे नुसती अदलाबदल पुरत नाही, चिन्ह उचलून मागे न्यावे लागते.

तिसरी अडचण सर्वांत फसवी आहे. कृतिदेवात विरामचिन्हेही अक्षरांच्या कामाला लावली आहेत. अर्ध्या 'ण'साठी टिंब, अर्ध्या 'घ'साठी प्रश्नचिन्ह, अर्ध्या 'ध'साठी तिरपी रेघ. पुढे 'के' टंकला की अक्षर पुरे होते. म्हणून 'ण' म्हणजे टिंब आणि 'के'.

आता शोधून बदलण्याच्या साधनांकडे वळू. १९५० च्या दशकात स्टीफन क्लीनी या गणितज्ञाने चिन्हांच्या नमुन्यांचे एक बीजगणित मांडले. १९६८ साली केन टॉम्प्सन यांनी ते मजकूर शोधण्यासाठी वापरण्याची रीत प्रसिद्ध केली. या रीतीत काही चिन्हांना विशेष अर्थ असतो. टिंब म्हणजे 'कोणतेही एक अक्षर'. प्रश्नचिन्ह म्हणजे 'आधीचे अक्षर असेल किंवा नसेल'. यामुळे एका ओळीत मोठे काम होते. पण ज्याला टिंब हे नुसते टिंब म्हणूनच शोधायचे आहे, त्याने त्यापूर्वी उलटी तिरपी रेघ घालून 'येथे विशेष अर्थ घेऊ नको' असे संगणकाला सांगावे लागते.

हे विसरून एखाद्याने आज्ञा दिली, 'टिंब आणि के यांचा ण करा', तर काय होईल? संगणक तिचा अर्थ घेईल : 'कोणतेही अक्षर आणि त्यापुढचा काना यांचा ण करा.' अकोल्यातील 'क' आणि ओकारातील काना मिळून 'ण', मागे मात्रा उरली. 'ला'चाही 'ण' झाला. उरलेली अक्षरे नीट बदलली की 'अकोला'चे होते 'अणेण'. अमरावतीतील 'रा'चा 'ण' होऊन उरते 'अमणवती'. एका टिंबापुढे एक रेघ राहिली आणि सगळ्या मजकुरातील काना गेला. 'ककर'प्रमाणेच येथेही मागे जायचा रस्ता नाही, कारण 'ण'च्या आत कोणते अक्षर होते हे कोठेही लिहिलेले नाही.

वऱ्हाडातला 'ऱ'

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. 'वऱ्हाड'मध्ये जो आडव्या झुपक्यासारखा अर्धा 'र' आहे, तो हिंदीत लागत नाही. मराठीत मात्र त्यावाचून अडते. खिळे जुळवून छपाई होत असे तेव्हा त्यासाठी वेगळा खिळा असे. संगणकात हा अर्धा 'र' मिळवण्याचे दोन मार्ग रूढ झाले.

इस्कीच्या रीतीने 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घ्यायचे आणि त्याला हलन्त जोडायचे. १९९६ मधील युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत वेगळा मार्ग होता : साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडक चिन्ह. पुढच्या आवृत्त्यांनी इस्कीची रीत स्वीकारली, पण जुने मजकूर वाचता यावेत म्हणून दुसरा मार्गही चालू ठेवला. त्यामुळे आपल्या शब्दाचे दोन संकेत झाले :

पहिला : २३५७, २३५३, २३८१, २३६१, २३६६, २३३७.
दुसरा : २३५७, २३५२, २३८१, ८२०५, २३६१, २३६६, २३३७.

पहिल्यात सहा क्रमांक, दुसऱ्यात सात. ८२०५ हे ते न दिसणारे जोडक. साठवण्याच्या 'यूटीएफ-८' या पद्धतीत यांपैकी प्रत्येक क्रमांकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एक शब्द १८ बाइटचा, दुसरा २१ बाइटचा. ही पद्धत १९९२ साली केन टॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी आखली. टिंबाला विशेष अर्थ देणारी शोधाची रीत संगणकावर आणणारे टॉम्प्सन ते हेच.

अशा वेळी कोणी म्हणेल, न दिसणारी सर्व चिन्हे काढून टाकली की झाले! हे करून पाहण्यासाठी एक वाक्य घेऊ : 'दर्यापूरहून चिखलदऱ्याला जायचे आहे.' दोन्ही गावे अमरावती जिल्ह्यातलीच. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातील दरी हिचे अनेकवचन. वाक्य दुसऱ्या रीतीने टंकलेले असेल आणि जोडक काढून टाकले, तर 'चिखलदर्याला' असे होते. मेळघाटच्या डोंगरात समुद्र येतो! उलट कोणी उत्साहाने सर्व 'र्य' बदलून 'ऱ्य' केले, तर 'दऱ्यापूर', 'सूऱ्य' आणि 'आचाऱ्य' तयार होतात. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत तर पदवीच बदलते. एकजण शिकवणारा, दुसरा स्वयंपाक करणारा.

योग्य आज्ञा अशी : 'र', हलन्त आणि जोडक ही तीन चिन्हे लागोपाठ आली तरच त्यांच्या जागी 'ऱ' आणि हलन्त घालावे. बाकी कशालाही हात लावू नये, कारण जोडक इतर जोडाक्षरांतही मुद्दाम घातलेले असू शकते. हेच 'ॲ'बाबत. या अक्षराला २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत २४१८ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला. त्यापूर्वी 'अ'वर चंद्र देऊन काम भागवत, आणि असे मजकूर अजून पुष्कळ आहेत.

याच्या उलट बाजूही आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणे निश्चित केली. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हिंदी वळणांहून वेगळी आहेत. पण वळण वेगळे असले तरी संगणकातील क्रमांक एकच. म्हणजे रूप सारखे असून संकेत वेगळा असू शकतो आणि रूप वेगळे असून संकेत एकच असू शकतो. नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही.

प्रश्नचिन्हांची पोथी

एक शेवटचा प्रकार सर्वांनी पाहिला असेल. मराठी मजकूर उघडावा आणि पडद्यावर भलतीच युरोपीय अक्षरे दिसावीत. यात घाबरण्याचे कारण नाही. मजकूर शाबूत असतो, संगणकाने चुकीची किल्ली लावलेली असते. बरोबर किल्ली सांगितली की तो पुन्हा वाचता येतो. ही सकळ लिपीतील पोथी होय.

पण मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसू लागली आणि ती तशीच साठवली गेली, तर गोष्ट वेगळी. ज्या तक्त्यात देवनागरी नाही त्या तक्त्यात मजकूर कोंबला की प्रत्येक अक्षराच्या जागी एकच प्रश्नचिन्ह येऊन बसते. 'अकोला' आणि 'अचलपूर' दोन्ही प्रश्नचिन्हेच होतात. तेथे कोणतीही किल्ली उपयोगी पडत नाही.

वऱ्हाडातील शाळांच्या स्मरणिका, गावोगावचे वार्षिक अंक, स्थानिक कवींची पुस्तके, ग्रामपंचायतींच्या याद्या यांपैकी कितीतरी मजकूर जुन्या टंकांत असू शकतो. तो टंक आज संगणकावर नसेल, तो कोणता होता हे सांगणारा माणूसही कदाचित नसेल. अशा शाळेत शिक्षकांनी आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी कराव्यात.

मूळ फाइल कधीही बदलू नये. प्रतीवर काम करावे. फाइलबरोबर टंकाचे नाव आणि वर्ष लिहून ठेवावे; शक्य तर एक छापील पानही ठेवावे, कारण छापील पान हीच किल्ली शोधण्याची सर्वांत भरवशाची वाट आहे. मजकुरात इंग्रजी शब्द मिसळलेले असतील, तर ते आधी वेगळे काढावेत, नाहीतर त्यांचेही देवनागरी होईल. बदल करण्यापूर्वी किती जागी बदल होणार ते मोजावे आणि झाल्यावर पुन्हा मोजावे. शेवटी 'वऱ्हाड', 'चिखलदऱ्याला', 'दर्यापूर', 'अकोला', 'किल्ली', 'धर्म', 'बाण' एवढे शब्द तपासून पाहावेत. हे सातही बरोबर उतरले, तर वर सांगितलेल्या बहुतेक चुका टळल्या असे समजायला हरकत नाही.

ज्या रिद्धपुरात मराठी गद्याचा पहिला ग्रंथ सिद्ध झाला, तेथे आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. तेथील पोथ्या टिकल्या, कारण नकला करणाऱ्यांनी एकेक चिन्ह सांभाळले आणि पंथातील जाणत्यांनी किल्ली जपली. आपल्या शाळेच्या कपाटातील जुनी चकती किंवा तबकडी हीसुद्धा एक पोथीच आहे. तिच्यावर कोणता टंक वापरला होता, हे सांगणारे शिक्षक अजून गावात असतील, तर त्यांना याच आठवड्यात विचारून ते तिच्या पाकिटावर लिहून ठेवावे.